विरोधात एक हात

वडगाव निंबाळकरजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या गोजरबाईचा नवरा वारला, तेव्हा सोसायटीतला त्याचा शेअर तिच्या नावावर झाला. सोसायटी भाजीपाला पिकवणाऱ्यांची. सगळ्यांनी मिळून विहीर पाडायची, इंजिन बसवायचं आणि पाळीनं पाणी घ्यायचं, असं ठरलं होतं. चेअरमन होता तिचा धाकटा दीर, हिंदुराव.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात देवळापुढं सभा भरली. बायकांतून एकटी गोजराच आली आणि खांबापाशी बसली.

"इहीर माझ्या ओढ्याकडच्या तुकड्यात पाडू," हिंदुराव म्हणाला. "जागा फुकट वापरा."

माणसं खूश झाली. गोजरानं विचारलं, "भावजी, जागा सोसायटीच्या नावावर करणार न्हवं?"

"ती माझ्याच नावावर ऱ्हाईल. वापरायला दिली म्हंजे झालं की."

"मग उद्या तुमच्या पोरांनी कुंपण घातलं, तर आमी पाणी कुठनं घ्यायचं?"

कुणीतरी खाकरलं. हिंदुरावाचा चेहरा पडला. "वैनी, घरातलं घरात बोलावं."

"हे घरातलं न्हाय. हितं मी सभासद हाय आन् तुमी चेअरमन."

ठराव मताला टाकला. विरोधात एकच हात वर झाला. आदल्या दिवशी बांधावर "तुझं खरं हाय" म्हणणारा शेजारी रामहरी मान खाली घालून बसला होता.

त्यानंतर हिंदुरावाच्या बायकोनं, जाऊ ठमाबाईनं, तिच्याशी बोलणं सोडलं. पुतणीच्या लग्नाचा मांडव समोरच्याच अंगणात घातला, पण आवतण द्यायला कुणी उंबऱ्याशी आलं नाही. गोजरा दार लोटून दिवसभर वाजंत्री ऐकत राहिली. या पोरीला तिनंच मांडीवर वाढवलं होतं. वरात निघाली तेव्हा ती फटीतून बघायला उठली, पण गर्दीत पोरीचा नुसता शालू दिसला.

पावसाळा सरल्यावर सहकार खात्याचे साहेब जागा बघायला आले. "जमीन संस्थेच्या नावावर नसेल, तर विहिरीच्या कर्जाला मंजुरी मिळणार नाही," त्यांनी सांगितलं. हिंदुरावानं मुकाट्यानं खरेदीखत करून दिलं.

"सायेब लई हुशार," रामहरी म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. हेच गोजरानं आधी सांगितलं होतं, हे कुणाच्या तोंडून निघालं नाही.

वाटेत हिंदुराव दिसला, तेव्हा ती थांबली. "भावजी, बरं केलंत."

"मी काय केलं? सरकारनं केलं," तो म्हणाला आणि न थांबता पुढं गेला.

पुढच्या साली विहिरीला पाणी लागलं, इंजिन सुरू झालं. गोजराची पाळी कुणी चुकवली नाही, पण पाणी सुटल्याचं सांगायलाही कुणी आलं नाही. इंजिनाचा आवाज ऐकून ती खोरं घेऊन निघायची. त्या साली वांगी फार चांगली आली, जांभळी, तुकतुकीत. पहिली पाटी भरल्यावर तिनं ती कुणाला तरी दाखवावी म्हणून इकडंतिकडं पाहिलं. बांधावर कुणी नव्हतं. मग तिनं स्वतःच पाटी डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या वाटेला लागली.