खुरचाफ्याचा इंग्रजी अर्थ

फोन आला तेव्हा मी साखळीच्या बाजारात होते. हातात यादी, नऊपैकी सहा वस्तूंवर खूण झालेली. नार्वे गावातली आत्याची शेजारीण म्हणाली, "तुजी आत्या गेली गो. सकाळी फुलां काडूक भायर आयली नाय, म्हणून बघूक गेलंय..." मी यादी उलटी केली आणि पाठीवर दुसरी लिहायला घेतली. भटजी, लाकडं, दाखला, कोणाकोणाला कळवायचं. रडणं त्या यादीत नव्हतं, ते तिसऱ्या दिवशी आपोआप झालं.

इंदूआत्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. गोवा मुक्तीनंतर गावात इंग्रजी आलं तेव्हा शिकवायला कोणी नव्हतं. मराठी शाळा शिकलेली आत्या एका शब्दकोशाच्या आधारावर फळ्यासमोर उभी राहिली. तिचा नवरा मुरगावच्या बंदरात कामाला होता, तो लवकर गेला आणि ती माहेरी परतली, यापलीकडे घरात तिच्याविषयी कोणी बोलत नसे. फुलांची नावं शिकवणं तिला सगळ्यात आवडायचं. फूल वर्गात आणायचं, मग त्याचं इंग्रजी नाव, अर्थ आणि शेवटी एक वाक्य. वाक्य स्वतःचं आणि खरं हवं. माझ्याकडे दहा गुलाब आहेत असं कोणी लिहिलं तर ती म्हणायची, "खंय आसत? दाखय." हे सगळं ती एका जाड वहीत चार रकान्यांत उतरवून ठेवी. रकाने आखायची सवय मला तिच्यामुळेच लागली.

मी अकरा वर्षांची असताना तिच्याच अंगणातला खुरचाफा वर्गात नेला. उन्हाळ्यात त्या झाडाला पान नसायचं, नुसत्या बोटांसारख्या फांद्या आणि टोकाला पांढरी फुलं. रोज पहाटे ती त्यातलीच फुलं देवाला न्यायची. झाडाच्या बुंध्याजवळ हातभर जागेवर मात्र ती कधी केरसुणी लावत नसे. मी एकदा लावायला गेले तर म्हणाली, "थंय झाडू नको बाय, झोपमोड होता." कोणाची, असं मी विचारलं. "चल, हात धू," म्हणाली.

वर्गात तिने शब्दकोश उघडला. फ्रँजिपनी. काही देशांत टेंपल ट्री, म्हणजे देवळाचं झाड. काही देशांत ग्रेव्हयार्ड फ्लॉवर, स्मशानातलं फूल. तिने कोश मिटला आणि फळ्यावर काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती ग्रामदेवतेच्या देवळात गेली, प्रसाद लावायला. आमच्याकडे देवाला प्रश्न घालतात, मूर्तीवर दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात, जी पडेल ते उत्तर. प्रश्न ऐकून गुरव हसला. "बाई, देवाक इंग्लिश कळता काय?"

"माका कळना नाय, म्हणान त्येका इचारतंय," आत्या म्हणाली. "देवळाचा की मसणातला, येक काय ता सांग म्हणा."

उजवीकडे एक कळी, डावीकडे एक. अर्धा तास गेला, समईची ज्योतसुद्धा हलत नव्हती. गुरवाचं हसू कधीच गेलं होतं. तो खाली बघत म्हणाला, "बाई, अर्धा सांगल्यार देव कौल दिना नाय. रवला असात ता सांगा." आत्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर वाकली आणि ओठातल्या ओठात काही बोलली. दोन्ही कळ्या एकाच क्षणी पडल्या... पाण्याच्या ताटात एकच आवाज झाला.

तेराव्यानंतर शाळेने तिच्या वहीचा तक्ता करून लावायचं ठरवलं आणि ते काम मी घेतलं. सगळ्या ओळी भरलेल्या, फक्त खुरचाफ्याचा अर्थ आणि वाक्य कोरं. अपुरी यादी पुढे द्यायची मला सवय नाही. मी गुरवाकडे गेले. आता तो पंच्याऐंशीच्या पुढचा, ओट्यावर बसून असतो.

"दोन दिवसांचो झील गेलो तिचो," तो म्हणाला. "माज्या बापाशीनच अंगणात खड्डो काडलो. वर चाफ्याची फांदी तिणा स्वताच लायली. त्या दिसा देवाक म्हणाली, माज्या पोराच्या अंगावरची फुलां तुका घालतंय, चलतत काय सांग."

घरी येऊन मी अकराव्याच्या दिवशी भटजींना दिलेली यादी काढली. आमच्या घरच्या गेलेल्यांची सतरा नावं होती. अठरावं घालता येईना. बारशाआधीच गेला तो, त्याला नावच नव्हतं.

तक्त्यावर मी दोन्ही अर्थ लिहिले. वाक्याची जागा मोकळी सोडली, कारण खरं वाक्य तिचंच असणार होतं. मग वही मिटण्याआधी ते पान खिडकीशी धरलं. त्या एका चौकोनात कागद इतका झिजला होता की त्यातून उजेड येत होता. वर्षानुवर्षं तिथे पेन्सिलीने काही लिहून खोडलेलं. अक्षर एकही लागेना. शिवणीत मात्र खोडरबराचा चुरा होता, मऊ, ताजा, बोटाला चिकटणारा.

मी कुठलीही वही कपाटात ठेवण्याआधी झटकते. ही तशीच ठेवली आहे.