तीन घरं, बाप्या एकही नाई

नालवाडीतल्या आमच्या गल्लीचे किस्से सांगाले बसली की माझ्या पोळ्या करपतात, पण किस्से संपत नाईत! त्या टायमाले एकमेकींले लागून तीन घरं होती, तिन्हीत बाप्या नाई. वंदनाताई नर्स, बौद्ध, घटस्फोट घेतलेली. शोभाभाभी मारवाडी, विधवा. अन् मी कुणब्याची. मिस्टर पुलगावले दुसरा संसार थाटून बसलेले. तिघींले घोर एकच, भाभीच्या पिंकीच्या लग्नात भाभीले मंडपात बसू देतील का?

*

मी मंगळसूत्र काढलं नव्हतं.

"काऊन घालतं व अजून?" वंदनाताई म्हणे.

"लोक विचारतात ना!"

"मले तर काढल्यावरच विचारणं बंद झालं!"

*

घरात माणूस आहे असं चोराले वाटावं म्हणून मी दारात दहा नंबरच्या मर्दानी चपला ठेवल्या.

आठव्या दिवशी चपलाच चोरीले गेल्या!

*

पोरीच्या शाळेत हेडमास्तर वंदनाताईले म्हणे, "मुलीच्या वडिलांना पाठवा."

"सर, तुमाले इंजेक्शन मीच दिलं होतं. तवा तुमी नाई म्हटलं, डॉक्टरले पाठवा!"

*

त्याच पोरीचं पुढं विहारात लग्न झालं. वंदनाताई सगळ्यांत पुढं. भाभी हळूच म्हणे, "तुमच्यात हे चालतं?"

"चालतं कुठं भाभी? चालवा लागते! माह्या भावानं तोंड फुगवलं होतं. जेवणाच्या टायमाले उतरलं."

*

मग पिंकीचं लग्न आलं. भाभीच्या जेठजींनी, म्हणजे मोठ्या दिरानं, फर्मावलं, विधी ते अन् जेठानी करतील. विधवा समोर नको. भाभी कोठीत गव्हाच्या पोत्यावर, डोक्यावर पदर. मी धीर द्याले गेली अन् मीच रडाले लागली. शेवटी तिनंच मले पाणी पाजलं!

मुहूर्ताले दहा मिनिटं, अन् नवरी गायब! जेठजींनी सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या. पिंकी कोठीत, आईच्या बाजूच्या पोत्यावर, घागरा सावरून बसलेली.

"बेटा, मंडप में चल."

"मम्मी आली तरच येईन, बडे पापा. नाई तर मंडप इथंच आणा!"

जेठजी लालबुंद. दाराशी वंदनाताई, नाडी मोजल्यासारखी घड्याळात पाहत. "सात मिनिटं."

जेठजींनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी कोठीत डोकावलं, भाभीले पाहिलं, पिंकीले पाहिलं, मग चारी भिंतींवर नजर फिरवली.

"खिडकी कुठं आहे इथं? होमाचा धूर बाहेर जायला पाहिजे!"