चार म्हणजे चार

आमच्या शेजारच्या नोलीन पिकरिंगला साप चालतो, वणवा चालतो. पण गाडीतून अनोळखी आवाज आला की ती गाडी थांबवून खाली उतरते. नवरा होता तोवर बॉनेट त्याचं आणि स्टिअरिंग हिचं, अशी वाटणी होती. तो गेला, आणि वर्षभरात बहीण हेझलची केमोथेरपी सुरू झाली. एक गुरुवार सोडून एक, तिला घेऊन हॉस्पिटलला दोनशे दहा किलोमीटर जायचं, तितकंच यायचं. वाटेत फोनला रेंज नाही, माणूस नाही. कांगारू हवे तेवढे.

त्यातच गाडीच्या शोरूमवाल्याने तिला मेंटेनन्स प्लॅनचं पत्रक दिलं. पाच वर्षांची सर्व्हिसिंग, पैसे आत्ताच. वर जळलेल्या इंजिनाचा रंगीत फोटो. तेव्हापासून प्रत्येक खड्ड्यात तिला इंजिन गळून पडल्याचा भास व्हायचा.

शेवटी गावातल्या क्लॅरी मेकॅनिककडे मीच तिला नेलं.

"शहरात राहणाऱ्याला ठीक आहे," पत्रक वाचून क्लॅरी म्हणाला. "पण सर्व्हिसिंग त्यांच्याच वर्कशॉपात. ते चारशे किलोमीटरवर."

"म्हणजे गाडी बिघडू नये म्हणून आठशे किलोमीटर हाकायची?"

"हो. आणि रस्त्यात बंद पडलीस तर कुणी येणार नाही. प्लॅनमध्ये तेल, फिल्टर, ब्रेकची तपासणी. तू नाहीस."

तरी तिचं ठरेना. प्लॅनवर सही करायची मुदत शुक्रवारपर्यंत होती. गुरुवारी निघताना पत्रक डॅशबोर्डवर ठेवलं आणि आमच्याकडे सगळेच देतात तशी चिठ्ठी माझ्या हातात दिली: सोबत पाणी वीस लिटर, चारपर्यंत घरी पोचल्याचा फोन नाही आला तर शोधायला निघ.

चार वाजले. फोन नाही. येईल, येईल म्हणत मी सव्वाचारला निघालो. बाहेर एक्केचाळीस डिग्री. रस्त्याकडेची प्रत्येक काळी वस्तू मला उलटलेली गाडी वाटत होती.

सत्तर किलोमीटरवर दिसली. बॉनेट उघडं, आणि त्यापासून वीस पावलांवर, झुडपाच्या सावलीत दोघी. हेझलच्या डोक्यावर ओला टॉवेल. मला बघताच नोलीन उठून आली.

"टिकटिक करतंय रे. इंजिन गेलं. बंद केली की थांबतं, चालू केली की पुन्हा. पुढे न्यायची हिंमतच होईना. आणि दोन वाजल्यापासून एकही गाडी गेली नाही."

मी गाडी चालू केली. टिकटिक. मग एसी बंद केला. टिकटिक बंद! समोरच्या काचेखाली एसीची हवा येते त्या फटीत बोटं घातली आणि ओढून काढलं: पत्रक. आत घसरलेलं त्याचं टोक वाऱ्याने फडफडत होतं.

हेझल इतकी हसली की टॉवेल पडला. "बाई गं, सहीसुद्धा केली नाहीस, तरी प्लॅनने गाडी थांबवली!"

नोलीन हसली नाही.

"क्लॅरीला सांग, दर खेपेच्या आदल्या दिवशी गाडी बघायची. आणि मला शेजारी उभं करायचं. कुठला आवाज कशाचा, ते मला कळलं पाहिजे."

मग तिने पत्रक उलटं केलं, पुढच्या खेपेची चिठ्ठी त्याच्या कोऱ्या पाठीवर तिथेच लिहिली आणि माझ्या खिशात कोंबली.

"आणि तू किती वाजता निघालास?"

"सव्वाचार."

"चार म्हणजे चार रे," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडली.