हिरव्या खुणेवर न भुलणारे मामा

आमच्या मामेसासऱ्यांना एखादं काम 'झालं' असं सांगून आजवर कोणी सुटलेलं नाही. ते कसं झालं, किती वाजता सुरू झालं, मध्ये कुठे अडलं आणि नेहमीपेक्षा लवकर कसं काय आटोपलं, हे सगळं कळल्याशिवाय त्यांच्या लेखी ते झालेलंच नसतं. बायकोचे हे सख्खे मामा मूळचे अमळनेरकडचे, पण सुरतेच्या मराठी शाळेत उभा जन्म गणित शिकवून इथलेच झालेले. माझ्या लग्नात सगळे फोटोसाठी रांग लावत होते तेव्हा मामा भटजींना कोपऱ्यात घेऊन सप्तपदीची चौकशी करत होते. पाचवं आणि सहावं पाऊल तांदळाच्या एकाच राशीवर पडलं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. भटजी कंटाळले, पण आम्हा दोघांना पुन्हा चालावं लागलं. आमचा संसार पक्का आहे तो त्या दुसऱ्या फेरीमुळे, असं ते आजही चारचौघांत सांगतात. रिक्षावाला रिक्षा थांबवून 'आवी गयुं, काका' म्हणाला की मामा आधी समोरच्या दुकानाची पाटी वाचत आणि मगच पाय खाली ठेवत. डॉक्टरांनी रक्तदाब नॉर्मल म्हटला की नॉर्मल म्हणजे किती, कुठल्या हाताचा, आणि मोजताना पेशंट बोलत होता का, असे तीन प्रश्न ठरलेले.

निवृत्तीनंतर असं तपासायला घरात फारसं काही उरलं नाही. कणीक मळता मळता मामींनी एकदा मला सरळच सांगितलं, की यांना कुठेतरी घेऊन जा, कुकरच्या शिट्ट्यांवरून रोज वाद घालतात. मी तेव्हा एका धर्मादाय दवाखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम पाहत होतो. कोसाड, नवागाम आणि पलसाणा अशी आमची तीन केंद्रं. लोकांची नावं आणि मोबाइल नंबर केंद्रात नोंदवले जात, रक्ताचे आणि थुंकीचे रिपोर्ट प्रयोगशाळेतून वेगळे येत. मी बनवलेला प्रोग्रॅम रोज सकाळी हे दोन्ही गोळा करून मोबाइल नंबरावरून जुळवायचा, आणि ज्याच्या रिपोर्टात काही निघालं असेल त्याला 'केंद्रात या' असा मेसेज आपोआप जायचा. या रोजच्या फेरीला आम्ही रन म्हणत असू. रन नीट पार पडला की पडद्यावर हिरवी खूण यायची, आणि ती दिसली की मी चहा मागवायचो.

मामा बिनपगारी मदतनीस म्हणून आले आणि पहिल्याच दिवशी त्या खुणेकडे बघून म्हणाले, "हिरवं म्हणजे कच्चं, जावईबापू. आत काय आहे ते उघडा." त्या दिवसापासून मी रनचा तपशील उघडायचा आणि मामांनी चष्मा कपाळावर सरकवून तो पंचांगासारखा मोठ्यानं वाचायचा, हा नेमच झाला. आत किती ओळी आल्या, किती जुळल्या, किती बाजूला पडल्या, एकूण वेळ किती लागला. सगळं ते वहीत उतरवून घेत. ऑफिसातल्या मुली हसायच्या. मीही मनातून हसायचो, कारण प्रोग्रॅम माझा होता आणि माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता.

एका बुधवारी मामा वाचता वाचता थांबले. रोज सात मिनिटांत संपणारा रन त्या दिवशी पाच मिनिटांत संपला होता. लवकर संपला तर चांगलंच की, असं मी म्हणालो. "वर्गात अर्ध्या वेळात पेपर देणाऱ्या मुलाचा पेपर मी आधी तपासायचो," एवढंच मामा म्हणाले आणि पुढे वाचू लागले. नवागामहून चौसष्ट ओळी आल्या होत्या, जुळल्या होत्या एकेचाळीस. उरलेल्या तेवीस प्रोग्रॅमनं बाजूला ठेवल्या होत्या आणि वर हिरवी खूण करून टाकली होती. मी शोधलं तेव्हा कारण सापडलं. केंद्रात नव्यानं लागलेल्या बाईंनी मोबाइल नंबर मराठी आकड्यांत टाइप केले होते, आणि माझ्या प्रोग्रॅमला मराठी आकडे वाचता येत नव्हते. थोड्या ओळी राहिल्या आहेत, उद्याच्या रनमध्ये घेऊ, असं मी म्हणालो.

मामांनी वही मिटली. "ओळींना खोकला येत नाही, जावईबापू. माणसांना येतो."

मी खाली मान घालून आकडे दुरुस्त केले आणि रन पुन्हा चालवला. तेवीसपैकी चौघांच्या रिपोर्टात काहीतरी निघालं. तिघांशी फोनवर बोलणं झालं. चौथ्याचा फोन बंद होता, आणि क्षय निघाला होता तो नेमका त्याच्याच थुंकीत. मामा चपला घालून दारात उभेच होते.

स्कूटरवरून आम्ही नवागामला पोचलो. लूमवर कापड विणणारा तो माणूस एका खोलीत बॅग भरत होता. साक्रीजवळच्या गावी धाकट्या भावाचं लग्न होतं, संध्याकाळची बस होती. मामांना बघून त्याच्या हातातला सदरा तसाच राहिला. "गुरुजी, तुम्ही आठे कसा काय उनात?" इथे कसे आलात, असं तो अहिराणीत विचारत होता; सहावीत मामांच्या वर्गात होता तो. लग्न झालं की येतो, असं तो परत परत सांगत राहिला. मामा आवाज न चढवता त्याच्या बॅगेशेजारी बसले, रिपोर्ट शेवटपर्यंत वाचून दाखवला आणि मग लग्नघरात किती माणसं झोपायला असतील ते त्यालाच मोजायला लावलं. त्यात लहान किती, म्हातारी किती, तेही. सतरापर्यंत आल्यावर त्यानं हातातला सदरा पुन्हा खुंटीला अडकवला. लग्न हुकलं. तो आमच्यावर बरेच दिवस रागावलेला होता, पण गोळ्या एकही चुकल्या नाहीत, कारण मामा दर आठवड्याला त्या मोजायला जात.

पूर्ण बरा झाल्यावर तो ऑफिसात आला आणि "यादीत मी कोठे हरवलो होतो ते दाखवा," म्हणाला. मी तो जुना रन उघडून दिला. बाजूला पडलेल्या ओळींतलं स्वतःचं नाव त्यानं बोट ठेवून वाचलं. मामा खिडकीबाहेर बघत उभे होते.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा मामा-मामींना धुळ्याला घेऊन गेला. रन आता मीच वाचतो, अगदी ओळन्‌ओळ, आणि वाचून झाला की मामांना फोन करतो. नवागामचे किती, ते विचारतात. परवा मी अठ्ठावन्न सांगितले, सगळे जुळले म्हणालो. मामा समाधानानं हुंकारले, मामींच्या गुडघ्याबद्दल थोडं बोलले, आणि मग म्हणाले, "बरं, नवागामचे किती आले?" मी रनचा तपशील उघडला. मग पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, सगळा रन त्यांना वाचून दाखवला.