मामाचं डबडं

काल पुतण्याने नवी टर्बोवाली गाडी चढावर उचलताना क्लच जाळला. तो करपट वास नाकात गेला आणि मला मामाची जीप आठवली.

मामा वेल्ह्याहून पासलीकडे जीप हाकायचा. मला शिकवताना तो मुद्दाम चढावर गाडी थांबवायला लावायचा आणि तंबाखू थुंकायचं आपलं पत्र्याचं डबडं माझ्यासमोर, डॅशबोर्डवर ठेवायचा. काठोकाठ भरलेलं, वर तपकिरी फेस, त्यात मेलेली माशी.

"क्लच हळू सोड. हिसका दिलास तर तुझ्याच अंगावर येतंय."

एके दिवशी आम्ही माझ्यासाठी मुलगी बघायला निघालो होतो. मी नवी पांढरी पँट घातली होती.

"मामा, आज तरी नको ना."

"आज तर लई जपून सोडशील," म्हणत त्याने डबडं ठेवलंच.

डावा पाय क्लचवरून सटकला, जीपने बोकडासारखी उडी मारली आणि ते सगळं माझ्या मांडीवर आलं. कोमट, बुळबुळीत, शिळ्या तोंडाच्या वासाचं. मामाने शांतपणे नवा बार भरला.

"आता जन्मात हिसका देनार न्हाईस."

मुलीच्या घरी पोह्यांची बशी डागावर धरून बसलो. एक घास उतरला नाही. लग्न जमलं नाही, ते वेगळंच.

त्यानंतर माझ्या हातून गाडीने कधी हिसका दिला नाही. लोक कौतुक करतात. पण त्या माणसाचं म्हणणं खरं ठरलं, याचीच मला अजून सगळ्यात जास्त किळस येते.