झोपडीतल्या काटक्या

चिंध्यांची सतरंजी अर्धी घासून झाली होती. आउनेने ब्रश तळ्याकाठच्या फळ्यांवर ठेवला. "गुरुवारी ओउलांकाच्या जंगलात, त्या झोपडीत जाऊन यायचं म्हणते," ती नवऱ्याला म्हणाली.

"त्या नव्या गुडघ्यानं? चार किलोमीटर चालायचंय," वेइक्को म्हणाला. "घरून केलेली प्रार्थना देवाला ऐकू येत नाही वाटतं?"

"देवाला येते रे. पण काटक्या काय प्रार्थनेनं फुटतात?"

एकतीस वर्षांपूर्वी हरवलेले रेनडियर शोधताना वेइक्को हिमवादळात अडकला होता. राष्ट्रीय उद्यानातल्या त्या बिनकुलपाच्या झोपडीत पोचला तेव्हा कुऱ्हाड धरायचंही बळ त्याच्या हातांत नव्हतं. पण चुलीशी कुणीतरी बारीक फोडलेल्या कोरड्या काटक्या आणि काड्यापेटी ठेवून गेलं होतं. निघताना पुढच्यासाठी सरपण फोडून ठेवायचं, ही तिथली रीतच. त्या काटक्यांनी नवरा वाचला. फोडणारा कोण, ते कधीच कळलं नाही. पण आउनेच्या रोजच्या प्रार्थनेत त्या बिननावाच्या माणसाला जागा होती.

वेइक्कोने सतरंजीचं टोक सरळ केलं. "शोधायला आलेल्यांनी मला बर्फावरच्या स्लेजगाडीवर घालून नेलं ना, त्या दिवशी मागे काहीच ठेवता आलं नाही," तो हळूच म्हणाला. "सकाळच्या बसनं निघू. पण वाटेत दमलीस की बसायचं. शर्यत लावायची नाही."

"शर्यत लावली तर हरशील."

आउनेने मनोमन देवाचे आभार मानले आणि ब्रश उचलला. सतरंजी वाळत घालून तिला दुकानातून काड्यापेटी आणायची होती.