चाळणीवर राहिलेले चौकोन

शिलाईवाली भांडखोर होती, हे गल्लीतलं कुत्रंही सांगेल. पण तिच्या मागच्या अंगणातल्या खताच्या पिंपाला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा झाकण उघडून वास घ्यायचा होता. उकिरड्याचा नाही, ओल्या मातीचा. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, वर सुकी पानं नि सुताराकडचा भुसा. मुठीत दाबलं की ओल लागावी, पाणी गळू नये. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पिंपं सडवून, अळ्या पाडून, शेजाऱ्यांच्या शिव्या खाऊन ती शिकली. पुढे त्याच शेजाऱ्यांना तिने साली आणून टाकायला लावलं.

नवरा जहाजावर. घरी ती आणि सासरे, जुने घड्याळजी. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाने दगा दिला, छातीत पाणी भरलं. डॉक्टर तिला म्हणाले, "पाणी उतरवायची गोळी चुकली, तर म्हातारा पुन्हा इथे येईल. किंवा येणारही नाही."

तेव्हापासून गोळ्या तिच्या ताब्यात. कापडाला दातेरी कड देणाऱ्या कात्रीने ती पाकिटाचे चौकोन कापायची, एका चौकोनात एक गोळी, आणि बटणांच्या डबीत ठेवायची. सकाळी एक चौकोन सासऱ्यांच्या तळहातावर, शेजारी पाण्याचा पेला, की ही मशीनवर. "माझ्या हातून गोळी चुकत नाही," हे गिऱ्हाइकांनाही पाठ झालं होतं.

तरी म्हाताऱ्याचे पाय सुजायला लागले. दारापर्यंत चाललं तरी धाप. "वय झालं गं," ते म्हणायचे. आणि जन्मात स्वतःची ताटली न उचललेला हा माणूस केळं खाल्लं की साल स्वतः पिंपात टाकून यायचा. तिला वाटलं, चला, आपली शिकवण लागली!

त्या सकाळी तिने तयार खत चाळायला घेतलं. काळंभोर, भुसभुशीत. चाळणी हलवली आणि जाळीवर काहीतरी वाजलं. चकचकीत पत्र्याचा तुकडा. मग दुसरा. मग पाच-सहा.

तिचं टाळकंच सरकलं. मूठ भरून ती तरातरा वरच्या मजल्यावर गेली, रोज साली टाकणाऱ्या मास्तरणीच्या दारात.

"शाळेत हेच शिकवता का? साली टाका म्हटलं तर पाकिटं टाकता!"

मास्तरीण केस विंचरत बाहेर आली. "सकाळी सकाळी अंगावर कुणाच्या येताय? बघू."

तिने एक चौकोन बोटाने पुसला, उजेडात धरला.

"ताई, आत गोळी तशीच आहे. आणि ही दातेरी कड... ही तुमच्याच कात्रीची."

शिलाईवालीने चौकोन परत घेतला आणि मूठ मिटून ती जिना उतरली. अख्ख्या वस्तीचा कचरा निवडणाऱ्या बाईने आपल्या घरातल्या माणसाने चौकोन फोडला की नाही, हे एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

सासरे खुर्चीत बसले होते. तिने मूठ त्यांच्यासमोर उघडली.

"मामंजी, हे काय?"

त्यांनी मान फिरवली. "सालीत गुंडाळून टाकायचो. तुझं लक्ष नसायचं."

"मरायचंय तुम्हाला?"

"मरायचं नाही गं! ती गोळी घेतली की दर घटकेला मोरीकडे धावावं लागतं. एकदा घड्याळांच्या दुकानात, जुन्या मित्रांसमोर, वेळेत पोचता आलं नाही. पँट ओली झाली. दुकानातली पोरं हसली." त्यांचा आवाज चिरकला. "सुनेला काय सांगू? कसं सांगू?"

तिला ओरडायचं होतं. ओरडायला ती कधी कचरली नव्हती. पण आत्ता ती खाली बसली. त्यांचा सुजलेला पाय तिने बोटाने दाबला. खळगा पडला, तो भरून येईना. पाणी पुन्हा साचलं होतं.

"चपला घाला. दवाखान्यात. आत्ता."

"आणि सांगणार काय त्यांना?"

"पँटचं मी सांगते. मला कसली लाज? पण गोळीचं तुम्ही सांगायचं."

डॉक्टर आधी कडाडले, मग त्यांनी पुन्हा तपासलं, गोळीची मात्रा आणि वेळ बदलून दिली. मित्रांकडे जायचं ते आता गोळीनंतरची धावपळ संपल्यावर.

दुसऱ्या सकाळी शिलाईवाली मशीनवर बसली नाही. समोर उभी राहिली. सासऱ्यांनी चौकोन फोडला, गोळी गिळली आणि लहान पोरासारखी जीभ बाहेर काढून दाखवली. मग केळं खाल्लं, साल दोन्ही हातांनी उलगडून तिच्या नाकासमोर धरली.

"बघ बाई. रिकामी आहे."

तिने खरंच वाकून पाहिलं. मग म्हणाली, "टाका पिंपात. वर भुसा घालायला विसरू नका."